हर्रानचा सराफ

सराफ हा शब्द मराठीत इतका मुरला आहे, की तो मूळचा अरबी आहे हे सहसा लक्षातही येत नाही. आज सराफ म्हटले की सोन्याचांदीचे दुकान डोळ्यांसमोर येते. मूळ अर्थ मात्र नाणी पारखून बदलून देणारा असा होता. व्यापारी मार्गावरच्या गावात नाना राज्यांची नाणी यायची. काही खरी, काही झिजलेली, काही सरळसरळ खोटी. सराफ नाणे हातात घेई, निरखी, तोली आणि मगच त्याची किंमत सांगे. शिक्का कुठल्या राजाचा आहे एवढ्यावर विसंबणाऱ्या सराफाचे दिवाळे निघायला वेळ लागत नसे.

सुमारे साडेअकराशे वर्षांपूर्वी हर्रान नावाच्या गावात एक तरुण असाच सराफीचा धंदा करत होता. त्याचे नाव साबित इब्न कुर्रा. पुढे तो बगदादला गेला, गणिती झाला, वैद्य झाला आणि ग्रीक गणितातले अनेक ग्रंथ त्याच्यामुळे अरबी भाषेत नीट उतरले. त्यांतले काही ग्रंथ मूळ ग्रीकमधून पुढे नाहीसे झाले. आज ते जगाकडे आहेत ते केवळ त्याने केलेल्या भाषांतरामुळे. धंदा सुटला, तरी पारखून घेण्याची सवय त्याला आयुष्यभर कामी आली.

चंद्राला पुजणारे गाव

हर्रान आजच्या तुर्कस्तानच्या आग्नेय भागात, सीरियाच्या सीमेजवळ आहे. साबितचा जन्म तिथे इ.स. ८३६ च्या सुमाराला झाला. काही नोंदी तो दहा वर्षे आधी झाला असे मानतात. आजूबाजूचा मुलूख कधी ख्रिस्ती, कधी मुस्लिम सत्तेखाली आला; पण हर्रानमधल्या एका समाजाने ग्रहताऱ्यांची जुनी उपासना सोडली नव्हती. सिन या चंद्रदेवतेचे हे फार प्राचीन ठाणे. या लोकांना साबियन म्हणत. ग्रहांची पूजा करायची तर त्यांच्या गती ठाऊक हव्यात, म्हणून गणित आणि ज्योतिष यांची ओढ त्या समाजात मुरलेली होती. घरची भाषा सिरियाक होती. ग्रीक विद्येशी संबंध तुटलेला नव्हता आणि राज्यकारभाराची भाषा अरबी होती. साबितला या तिन्ही भाषा उत्तम येत.

जुन्या चरित्रकारांनी सांगितल्याप्रमाणे, विचारांवरून त्याचे आपल्याच समाजातील धर्मप्रमुखांशी बिनसले. त्याला मंदिरात येण्याची बंदी झाली. त्याने एकदा माघार घेतली, पण मन मानेना. अखेर गाव सोडून तो जवळच्याच कफरतूसा या गावी राहायला गेला. समाजातून बाहेर पडलेला माणूस त्या काळी खरोखरच उघड्यावर पडत असे. पेढी, नाती, लग्नकार्ये, सारे समाजाच्या आधारावर चाले. साबितने मात्र आपला धर्म शेवटपर्यंत सोडला नाही. मतभेद झाला तो आपल्या माणसांशी. श्रद्धा त्याने टाकली नाही.

तीन भावांचा कारखाना

त्याच सुमारास मुहम्मद इब्न मूसा हा बगदादचा विद्वान ग्रीक हस्तलिखितांच्या शोधात बायझंटाइन मुलखात जाऊन परतत होता. मुहम्मद, अहमद आणि हसन हे तिघे भाऊ बनू मूसा, म्हणजे मूसाची मुले, या नावाने ओळखले जात. तिघेही गणितात आणि यंत्रविद्येत निष्णात, आणि पैसेवाले. वाटेत मुहम्मदची साबितशी गाठ पडली. त्याचे भाषांवरचे प्रभुत्व पाहून त्याने त्याला थेट बगदादला नेले, आपल्या घरी ठेवून घेतले आणि गणित, ज्योतिष व वैद्यक यांचे शिक्षण दिले.

बगदाद तेव्हा अब्बासी खलिफांची राजधानी होती. कागद स्वस्त झाला होता आणि ग्रीक, फारसी, सिरियाक व संस्कृत ग्रंथांची अरबी भाषांतरे करण्याचे काम दोन-तीन पिढ्या जोरात चालले होते. त्याला खलिफांचा आश्रय होताच, पण मोठा पैसा खासगी आश्रयदात्यांकडून येई. बनू मूसा भाषांतरकारांच्या एका गटाला महिन्याला सुमारे ५०० दिनार देत, अशी नोंद आहे. त्या गटात साबितबरोबर हुनैन इब्न इसहाक होता. हुनैन ख्रिस्ती वैद्य. गॅलेन या ग्रीक वैद्याचे बहुतेक सारे ग्रंथ सिरियाक आणि अरबीत आणण्याचे श्रेय त्याचे आणि त्याच्या सहकाऱ्यांचे.

हुनैनने भाषांतराला शिस्त लावली. एका ग्रंथाच्या मिळतील तितक्या प्रती जमवायच्या, त्या एकमेकींशी ताडून आधी शुद्ध पाठ ठरवायचा आणि मग शब्दाला शब्द न ठेवता वाक्याचा अर्थ धरून भाषांतर करायचे. वैद्यकात हे किती गरजेचे आहे ते सांगायला नको. नकलणाऱ्याने औषधाच्या मापात एक अक्षर चुकवले, तर पुढची कित्येक वर्षे रोगी त्याची किंमत मोजत राहतात. हुनैनने ही पद्धत गॅलेनसाठी वापरली; साबितने ती गणितात आणली.

एक ठिपका आणि कोसळणारी सिद्धता

गणिताच्या ग्रंथाची नक्कल करणारा बहुधा गणित जाणणारा नसे. आकृती काढणारा कधी वेगळाच असे. त्यात अरबी लिपीची अडचण. काही अक्षरे केवळ एका ठिपक्याने वेगळी होतात. आकृतीतल्या बिंदूंना अक्षरांची नावे असतात. ठिपका सुटला की एक बिंदू दुसराच होतो, रेषा भलत्या ठिकाणी जाते आणि सिद्धता कोसळते. कथेत एखादा शब्द चुकला तरी वाचक सावरून घेतो. भूमितीत तसे होत नाही.

पण या अडचणीतच उपायही आहे. सिद्धता खरोखर समजली असेल तर चूक कुठे आहे ते शोधून काढता येते. त्यासाठी भाषांतरकाराने ती सिद्धता स्वतः पुन्हा करून पाहावी लागते. साबित हेच करी. युक्लिडच्या ‘मूलतत्त्वे’ या ग्रंथाची अरबी भाषांतरे आधी झाली होती. हज्जाज नावाच्या विद्वानाने ते काम दोनदा केले होते. पुढे हुनैनचा मुलगा इसहाक याने ग्रीकमधून नवे भाषांतर केले. इसहाकही वैद्य होता, भाषा त्याची उत्तम होती. साबितने ते भाषांतर हाती घेऊन ग्रीक प्रतींशी ताडले आणि गणिताच्या अंगाने तपासले. एखादे प्रमेय एका प्रतीत आहे आणि दुसरीत नाही, असे दिसले की त्याची टीप ठेवली. आज ही आवृत्ती इसहाक आणि साबित अशा दोघांच्या नावाने ओळखली जाते. टॉलेमीच्या ज्योतिषावरील ‘अल्माजेस्ट’ या ग्रंथाच्या बाबतीतही तसेच झाले. भाषांतर इसहाकचे, तपासणी साबितची.

दुसऱ्याचे काम तपासणे हे तसे कौतुकाचे काम नव्हे. नाव बहुधा पहिल्याचे होते. दवाखान्यातही निदान करणाऱ्याचे नाव होते. क्ष-किरण चित्र पुन्हा एकदा उजेडात धरून बघणाऱ्याचे होत नाही. पण कितीतरी वेळा रोगी वाचतो तो त्या दुसऱ्या नजरेमुळे.

हरवलेले तीन खंड

अपोलोनियस हा इसवी सनापूर्वी २०० च्या आसपास होऊन गेलेला ग्रीक भूमितिकार. शंकू कापला असता जे वक्र मिळतात, म्हणजे लंबवर्तुळ, अन्वस्त आणि अपास्त, त्यांवर त्याने आठ खंडांचा ग्रंथ लिहिला. बनू मूसा बंधूंना त्याच्या सात खंडांची प्रत मिळाली, पण ती इतकी अशुद्ध होती की तिचा अर्थ लागेना. हसनने मूळ विषयाचा स्वतंत्र अभ्यास करून पाया तयार केला. पुढे अहमद कामानिमित्त सीरियात गेला असताना त्याला पहिल्या चार खंडांची शुद्ध केलेली प्रत हाती लागली. ती वाचल्यावर बाकीच्या खंडांचेही कुलूप उघडले. पहिले चार खंड हिलाल अल-हिम्सी याने भाषांतरित केले. पाचवा, सहावा आणि सातवा हे तीन अवघड खंड साबितकडे आले.

त्या तीन खंडांचे मूळ ग्रीक पुढे नष्ट झाले. आठवा खंड तर कायमचाच गेला. पाचव्या खंडात एखाद्या बिंदूपासून वक्रापर्यंतची सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी रेषा कशी काढायची याचा सखोल विचार आहे. हे सारे आज वाचता येते ते बगदादमध्ये झालेल्या त्या अरबी भाषांतरातून. धूमकेतूमुळे सर्वांना ठाऊक असलेला एडमंड हॅले याने अरबी शिकून घेऊन हे खंड लॅटिनमध्ये आणले. त्याची आवृत्ती १७१० साली ऑक्सफर्डला छापली गेली.

या वक्रांचा उपयोग काय, असा प्रश्न कुणी विचारलाच तर उत्तर रुग्णालयातही सापडते. लंबवर्तुळाच्या आत दोन खास बिंदू असतात; त्यांना नाभी म्हणतात. एका नाभीतून निघालेला तरंग कडेवर कुठेही आदळला तरी परावर्तित होऊन दुसऱ्या नाभीतूनच जातो. त्याच्या मुळाशी असलेले कोनांचे प्रमेय अपोलोनियसच्या तिसऱ्या खंडात आहे. १९८० साली म्युनिकमध्ये मूत्रपिंडातला खडा शस्त्रक्रियेवाचून फोडण्याचे यंत्र पहिल्यांदा रुग्णावर वापरले गेले, ते याच गुणधर्मावर चाले. लंबवर्तुळाकार परावर्तकाच्या एका नाभीपाशी पाण्यात ठिणगी पाडायची आणि दुसऱ्या नाभीवर नेमका खडा येईल असा रोगी ठेवायचा. धक्क्याचे तरंग शरीरातून जातात, जोर एकवटतो तो खड्यावर. अपोलोनियसला किंवा हिलालला याची कल्पना असणे शक्यच नव्हते. ग्रंथ नीट टिकवून ठेवणे एवढेच त्यांच्या हातात होते.

जिथे कुणी लिहिले नव्हते

प्रत्येक ओळ तपासणाऱ्या माणसाला काय लिहिले आहे हे कळते तसेच काय लिहिलेले नाही हेही कळते. साबितने निकोमाखसच्या अंकगणितावरील ग्रंथाचेही भाषांतर केले. युक्लिड आणि निकोमाखस या दोघांनीही परिपूर्ण संख्यांचा विचार केला होता. ६ ही अशी संख्या. तिला पूर्ण भाग जाणाऱ्या तिच्याहून लहान संख्या १, २ आणि ३; त्यांची बेरीज पुन्हा ६. पण मित्रसंख्यांकडे मात्र या दोघांचेही लक्ष गेले नव्हते. २२० आणि २८४ ही जोडी जुन्या काळापासून माहीत होती. २२० च्या लहान विभाजकांची बेरीज २८४ होते आणि २८४ च्या विभाजकांची २२०. अशा आणखी जोड्या मिळवायच्या कशा, याचा नियम कुठेच नव्हता.

साबितने तो शोधला आणि युक्लिडच्या शिस्तीने सिद्ध केला. २ च्या घातांवरून ठरावीक रीतीने तीन संख्या काढायच्या. त्या तिन्ही मूळ संख्या निघाल्या, तर त्यांच्यापासून मित्रसंख्यांची जोडी मिळते. ५, ११ आणि ७१ घ्या. ५, ११ आणि ४ यांचा गुणाकार २२० आणि ७१ व ४ यांचा गुणाकार २८४. युरोपात हाच नियम फर्मा आणि देकार्त यांनी सतराव्या शतकात, साबितनंतर सातशेहून अधिक वर्षांनी, पुन्हा शोधला.

काटकोन त्रिकोणापुरते असलेले पायथागोरसचे प्रमेय कुठल्याही त्रिकोणाला लागू होईल अशा रूपात त्याने मांडले. अन्वस्ताने वेढलेल्या क्षेत्राचे माप त्याने स्वतःच्या रीतीने काढले. समांतर रेषांविषयीचे युक्लिडचे गृहीतक सिद्ध करण्याचे त्याने दोन प्रयत्न केले. ते यशस्वी झाले नाहीत, आणि होणारही नव्हते. इतर गृहीतकांवरून ते सिद्ध करता येत नाही हे कळायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. तरी गृहीतक आहे म्हणून ते निमूट न स्वीकारता त्याने ते कसाला लावून पाहिले, हे महत्त्वाचे.

आणि सराफ तराजूला विसरला नव्हता. एक बाजू आखूड, दुसरी लांब, आणि लांब दांडीवर सरकवायचे वजन, अशा काट्यावर त्याने स्वतंत्र ग्रंथ लिहिला. कित्येक दवाखान्यांत अजून वापरात असलेला सरकत्या वजनाचा काटा याच तत्त्वावर चालतो. लहान वजन लांब अंतरावरून मोठ्या वजनाला कसे तोलते, याची भूमितीच्या पद्धतीने सिद्धता त्यात आहे. बाराव्या शतकात हा ग्रंथ लॅटिनमध्ये गेला आणि युरोपात वजनमापाच्या अभ्यासाचा एक पाया झाला.

वैद्य साबित

बगदादमध्ये साबितची ओळख गणिती म्हणून होती तितकीच वैद्य म्हणून होती. इब्न अल-नदीम या पुस्तकविक्रेत्याने ९८७ साली अरबी ग्रंथांची मोठी सूची केली. तीत साबितच्या नावावर मूत्राशयातील खडे, सांधेदुखी आणि गाउट, अंगावर उठणारे पांढरे डाग, देवी आणि गोवर अशा विषयांवरचे प्रबंध नोंदले आहेत. गॅलेनच्या औषधींवरील ग्रंथाचा त्याने केलेला सारांशही तिथे आहे. त्याच सूचीत समुद्राचे पाणी खारट का, या विषयावरही त्याचा प्रबंध दिसतो. बाह्यरुग्ण विभागात रोज येणाऱ्या तक्रारींची ती यादी आजही ओळखीची वाटते. देवी तेवढी गेली.

त्याच्याविषयी एक गोष्ट सांगितली जाते. राजवाड्याच्या वाटेवर एका खाटकाचे दुकान होते. एके दिवशी तिथून रडारड ऐकू आली. खाटीक अचानक मेला होता. साबितने लोकांना थांबवले, आत जाऊन त्याच्या टाचांवर काठीने मारायला लावले, नाडी पाहत राहिला, नाडी लागल्यावर औषध पाजले आणि माणूस उठून बसला. नंतर विचारले तेव्हा त्याने सांगितले म्हणे, की हा खाटीक कच्चे काळीज मीठ लावून खातो हे तो जाता-येता पाहत असे. एक दिवस याला झटका येणार हे ओळखून त्याने औषध आधीच तयार ठेवले होते.

ही गोष्ट त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच काळाने लिहिली गेली. आजच्या वैद्यकाच्या कसोटीला ती उतरत नाही. मेलेला माणूस टाचांवर मारून उठत नाही. कच्चे काळीज खाणे चांगले नव्हेच, पण त्याने असा झटका येतो हेही खरे नाही. कोणी कोसळून पडले, श्वास थांबला तर आज छाती दाबण्याचे प्राथमिक उपचार ताबडतोब सुरू करायचे असतात. तरी गोष्टीतले दोन धागे खरे वैद्यकाचे आहेत. वैद्याने आजार येण्याआधीच माणसाचे राहणीमान पाहून ठेवले होते. आणि चारचौघांनी मेला म्हटले तरी स्वतः नाडी पाहिल्याशिवाय त्याने ते मानले नाही.

खलिफाचा हात

भावी खलिफा अल-मुतदिद राजपुत्र असताना त्याच्या बापाने त्याला काही काळ नजरकैदेत ठेवले होते. त्या दिवसांत साबित त्याच्याकडे दिवसातून तीन वेळा जाई, बोलत बसे, ताऱ्यांविषयी आणि तत्त्वज्ञानाविषयी शिकवी, असे चरित्रकार सांगतात. कैदेतल्या राजपुत्राची सोबत धरणे धोक्याचे होते. तो गादीवर येईलच याची खात्री कुणाला नव्हती. ८९२ साली तो खलिफा झाला आणि त्याने ही सोबत लक्षात ठेवली. साबितला दरबारात मानाचे स्थान आणि जहागिरी मिळाल्या.

एकदा बागेत फिरताना खलिफाने साबितच्या हातावर आपला हात टेकवला आणि एकदम काढून घेतला. साबित दचकला. तेव्हा खलिफाने उलट त्याची क्षमा मागितली. विद्येचा हात वर असावा, तिच्यावर दुसऱ्याचा हात नसावा, असा त्याचा भाव होता. मुस्लिम खलिफाने एका ताराउपासकाला असा मान दिला, ही गोष्ट बगदादमध्ये पुढे कित्येक पिढ्या सांगितली गेली.

साबित ९०१ साली बगदादमध्ये वारला. साबियन म्हणूनच वारला.

साडेआठशेंची परीक्षा

त्याचा मुलगा सिनान हाही वैद्य झाला आणि खलिफा अल-मुक्तदिरचा राजवैद्य बनला. ९१८ साली बगदादमध्ये खलिफाच्या आणि त्याच्या आईच्या नावाने रुग्णालये निघाली, त्यांत सिनानचा मोठा वाटा होता. अली इब्न ईसा या वजिराच्या सांगण्यावरून त्याने तुरुंगातल्या कैद्यांसाठी रोज वैद्य पाठवण्याची व्यवस्था केली. कैदी दाटीवाटीने राहतात म्हणून त्यांना रोग लवकर लागतो, हे कारण तेव्हाच ओळखले गेले होते. वैद्य नसलेल्या खेड्यांसाठी औषधांसह फिरते पथकही निघाले.

९३१ साली बगदादमध्ये एका वैद्याच्या चुकीमुळे रोगी दगावला. खलिफाने हुकूम काढला, की सिनानने परीक्षा घेऊन परवानगी दिल्याशिवाय कुणी रोग्याला हात लावायचा नाही. नावाजलेले वैद्य आणि दरबारी वैद्य वगळून ८६० हून अधिक जणांची परीक्षा झाली. कुणाला काय येते हे पाहून त्याला तेवढ्याच उपचारांची मुभा मिळाली.

त्या परीक्षेला एक भारदस्त म्हातारा आला. सिनानने त्याला आदराने बसवले आणि काही ज्ञान सांगावे अशी विनंती केली. म्हाताऱ्याने सोन्याच्या नाण्यांची पुरचुंडी पुढे ठेवली आणि कबूल केले, की लिहितावाचता येत नाही, पण घर याच धंद्यावर चालते. सिनान हसला. जे कळत नाही त्यात पडायचे नाही, रक्त काढायचे नाही, जुलाबाचे कडक औषध द्यायचे नाही, साध्या आजारापुरतेच राहायचे, या अटीवर त्याने त्याला सोडले. कडकपणा आणि माणुसकी यांत नेमके कुठे थांबावे हा प्रश्न परवाने देणाऱ्यांना आजही सुटलेला नाही. एक मात्र झाले. पोशाख, वय आणि नाव हे वैद्याच्या ज्ञानाचे प्रमाण नव्हे, त्याला तपासून पाहावे लागते, हे तत्त्व राज्याने मान्य केले. साबितने ग्रंथांना जी कसोटी लावली, ती त्याच्या मुलाने वैद्यांना लावली.

नंतरच्या खलिफाने सिनानवर धर्म बदलण्यासाठी दबाव आणला. बापाने जपलेली श्रद्धा मुलाला सोडावी लागली. तो मुस्लिम झाला, तरी धास्तीने काही काळ खुरासानात निघून गेला आणि पुढे परतला. ९४३ मध्ये तो वारला. सिनानचा मुलगा इब्राहिम घराण्यातला तिसरा गणिती. आजोबांनी अन्वस्ताचे क्षेत्र काढायला वीस प्रमेयांची शिडी लावली होती. अल-माहानी नावाच्या दुसऱ्या गणितज्ञाने ती लहान केली. आजोबांवर दुसऱ्या कुणी मात केलेली नातवाला रुचली नाही. त्याने तेच काम तीन प्रमेयांत केले. इब्राहिम ९४६ साली, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी, यकृतातल्या गाठीने गेला.

पुढचा प्रवास

इसहाक आणि साबित यांचा युक्लिड बगदादमध्ये थांबला नाही. बाराव्या शतकात स्पेनमधल्या टोलेडो शहरात जेरार्ड ऑफ क्रेमोना याने तो अरबीतून लॅटिनमध्ये नेला. पूर्वेकडे १२४८ साली नसीरुद्दीन तूसीने हज्जाज आणि साबित यांच्या आवृत्त्या समोर ठेवून युक्लिडची नवी मांडणी केली. तीच अरबी प्रत अठराव्या शतकाच्या सुरुवातीला राजस्थानात सवाई जयसिंहाच्या पदरी पोचली. तिथे जगन्नाथ सम्राट या पंडिताने तिचे संस्कृत भाषांतर केले आणि त्याला ‘रेखागणित’ असे नाव दिले. जगन्नाथ मूळचा महाराष्ट्रीय ब्राह्मण होता, अशी परंपरा आहे. अरबी आणि फारसी तो या कामासाठी शिकला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे ‘रेखागणित’ मुंबईतल्या संस्कृत ग्रंथमालेत दोन भागांत छापले गेले. अलेक्झांड्रियातला ग्रीक युक्लिड हर्रानच्या सराफाच्या हातून तपासला जाऊन, इराणमार्गे, जयसिंहाच्या दरबारात संस्कृत बोलू लागला आणि मुंबईच्या छापखान्यापर्यंत आला.

या सगळ्या वाटेवर प्रत्येक टप्प्याला कुणीतरी प्रत समोर घेऊन बसले, ओळ न् ओळ वाचली, आकृती पुन्हा काढून पाहिली आणि चुकलेले अक्षर दुरुस्त केले. ग्रंथ आपोआप टिकत नाहीत. अपोलोनियसच्या आठव्या खंडाला असा माणूस वेळेवर मिळाला नाही, म्हणून तो गेला.

हर्रानमध्ये आज सिनच्या मंदिराची पूजा होत नाही. साबितचा समाजही काळाच्या ओघात विरून गेला. पण चंद्रावर एक विवर आहे, सुमारे ५५ किलोमीटर व्यासाचे. दुर्बिणीतून ते चांगले दिसते. साबितच्या नावाच्या लॅटिन रूपावरून खगोलशास्त्रज्ञांनी त्याचे नाव थेबिट ठेवले आहे.